इंजिन मळवायचं कसं?

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसात एक प्रश्न हमखास फिरतो, 'वीकेंडला काय प्लॅन?' कुणाचा ट्रेक असतो, कुणाचा पिक्चर, कुणाला नुसतं झोपायचं असतं. माझं उत्तर गेली काही वर्षं एकच आहे. 'इंजिन रंगवतोय.' समोरच्याला आधी वाटतं, बाइकचं. मग मी दोन्ही हात वीतभर अंतरावर धरून दाखवतो आणि म्हणतो, 'रेल्वेचं. डिझेल.' त्यावरचा प्रश्नही ठरलेलाच, 'म्हणजे खेळण्यातलं?'

खेळणं म्हणायला माझी काही हरकत नाही. फक्त हे खेळणं तयार व्हायला चार-पाच महिने लागतात. आणि गंमत म्हणजे त्यातला शेवटचा महिना, आधी जिवापाड मेहनत करून चकाचक केलेलं इंजिन पुन्हा मळवण्यात जातो. आजचा कॉलम त्या मळाबद्दल आहे. पण मळ बसायला आधी रंग हवा, आणि रंगाला आधी इंजिन हवं. तर मंडळी, हिरवा सिग्नल पडलाय, गाडी हलवू या.

आधी ओळख

मी सध्या ज्याच्या प्रेमात आहे त्याचं नाव डब्ल्यूडीएम-२. नावात घाबरण्यासारखं काही नाही. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे मिक्स्ड, अर्थात प्रवासी गाडी आणि मालगाडी दोन्ही ओढणारं. दोन हा मॉडेलचा नंबर. १९६२ मध्ये ही इंजिनं अमेरिकेतून आली, न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीच्या अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीकडून. रेल्वेवेडे लोक तिला लाडाने 'ॲल्को' म्हणतात. सोळा सिलिंडर, २६०० हॉर्सपॉवर. वाराणसीला १९६१ मध्ये डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स उभं राहिलं आणि जानेवारी १९६४ मध्ये तिथून पहिलं इंजिन बाहेर पडलं. पुढे १९६९ मध्ये खुद्द ॲल्कोला टाळं लागलं, पण वाराणसीत त्याच घराण्यातली इंजिनं पुढची कित्येक दशकं बनत राहिली. एकट्या डब्ल्यूडीएम-२ची संख्या अडीच हजारांच्या वर गेली.

म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही खिडकीला नाक लावून मामाच्या गावाला गेला असाल आणि वर तारा नसतील, तर पुढे हेच किंवा याचाच एखादा भाऊबंद असण्याची शक्यता दांडगी. आपण त्याच्याकडे बघितलं नाही, एवढंच. इंजिनाकडे कोण बघतं? आपला डबा कुठे लागतो ते आपण बघतो.

मॉडेलचं प्रमाण एकास सत्त्याऐंशी. याला एचओ स्केल म्हणतात. खरं इंजिन सतरा मीटरच्या थोडं वर. ८७ ने भागलं की साधारण १९७ मिलिमीटर, जेवणाच्या ताटात आडवं मावेल एवढं. वजनाचं गणित आणखी भारी आहे. लांबी, रुंदी, उंची तिन्ही ८७ पटींनी कमी होतात, म्हणून वजन ८७ गुणिले ८७ गुणिले ८७ ने भागायचं. खरं इंजिन जवळपास ११३ टनांचं. उत्तर येतं १७१ ग्रॅम! एका मोबाइलएवढं. प्रत्यक्षात मॉडेल याहून जड करावं लागतं, कारण इतक्या हलक्या इंजिनाची चाकं रुळावर पकड घेत नाहीत, नुसतीच फिरतात.

एक तडजोड मात्र पहिल्याच दिवशी गिळावी लागते. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. एचओमध्ये तो सव्वाएकोणीस मिलिमीटर यायला हवा. पण जगभर एचओचे रूळ मिळतात साडेसोळाचे, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या गेजवरून आलेत. त्यामुळे आपलं इंजिन रुळावर उभं राहिलं की समोरून बघताना बारीक पायांच्या पैलवानासारखं दिसतं. काही हट्टी मंडळी स्वतःचे रूळ ठोकतात. बाकीचे इंजिनाचा फोटो बाजूने काढतात.

तारीख सांगा, मग रंग

या छंदात सगळ्यात पहिला निर्णय रंगाचा नसतो, तारखेचा असतो. दुकानातून आलेलं किंवा थ्रीडी प्रिंटरवर काढलेलं मॉडेल हे सगळ्या डब्ल्यूडीएम-२ इंजिनांचं सरासरी रूप असतं. डिटेलिंग म्हणजे त्या सरासरीतून एकच इंजिन बाहेर काढायचं. अमुक नंबरचं, अमुक शेडचं, अमुक वर्षी दिसायचं तसं.

वर्ष का महत्त्वाचं? कारण इंजिन आयुष्यभर बदलत राहतं. सुरुवातीच्या गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक होते, नंतर एअर ब्रेक आले. त्यानुसार समोर लोंबणारे होज पाइप बदलले. इंजिनाच्या डोक्यावरचा पिवळा फ्लॅशर लाइट, जो धोक्याच्या वेळी समोरच्या गाडीला इशारा देतो, तोही नंतरचा. काही इंजिनांचं पुढचं छोटं नाक ठेंगणं आणि काचा मोठ्या. त्यांना 'जंबो' म्हणतात. शिवाय बऱ्याच डब्ल्यूडीएम-२ इंजिनांची पुढे पुनर्बांधणी झाली. ती ३१०० हॉर्सपॉवरची डब्ल्यूडीएम-३ए होऊन परत आली, आणि त्यांच्या जुन्या नंबरापुढे इंग्रजी 'आर' लागलं. नंबर तोच, माणूस तोच, पण सर्जरीनंतरचा. आता सांगा, तारीख न ठरवता काय रंगवणार?

म्हणून पहिला महिना ब्रशला हातच लागत नाही. फोटो जमवायचे. डावी बाजू, उजवी बाजू, समोरून, आणि मिळाला तर फूटओव्हर ब्रिजवरून काढलेला छपराचा. छपराचा फोटो म्हणजे लॉटरी, कारण मॉडेल आपण कायम वरूनच बघतो आणि खरं इंजिन कायम खालून.

तार, ड्रिल आणि पेशन्स

बॉडी चासीपासून वेगळी केली की खरी मजा सुरू. तयार मॉडेलवर बहुतेक वेळा हँडरेल प्लास्टिकच्या जाड किंवा बॉडीतच ओतलेल्या असतात. त्या ब्लेडने तासून काढायच्या आणि तिथे पितळेची तार लावायची. मी वापरतो ती तार ०.४ मिलिमीटरची. गुणिले ८७, म्हणजे खऱ्या इंजिनावरचा साधारण ३५ मिलिमीटरचा पाइप. हातात धरला तर मूठ नीट बसेल एवढा. हा हिशोब जमला की तार आपोआप पटते.

तारेसाठी भोकं पाडायचं ड्रिल हाताने, चिमटीत फिरवायचं असतं. इलेक्ट्रिक ड्रिल लावलंत तर प्लास्टिक वितळतं. एका इंजिनाला अशी पन्नास-साठ भोकं. ऑफिसात कुणी 'क्विक कॉल घेऊ या का' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर ही भोकं येतात आणि मी शांत होतो.

मग होज पाइप. एअर ब्रेकच्या जमान्यात आपल्याकडे एका पाइपावर पांढरी खूण असते, तो फीड पाइप. दुसऱ्यावर हिरवी, तो ब्रेक पाइप. मॉडेलवर हे दोन ठिपके टूथपिकच्या टोकाने द्यायचे. ठिपका मोहरीहून लहान. पण जाणकार माणूस आधी तिथेच बघतो.

आणि बोगी. आपण डब्याला बोगी म्हणतो, पण खरी बोगी म्हणजे खालचा चाकांचा सांगाडा. डब्ल्यूडीएम-२च्या बोगीला ट्रायमाउंट म्हणतात. तीन ॲक्सल, पण मधला बरोबर मध्यभागी नाही, एका बाजूला सरकलेला. प्रत्येक ॲक्सलला स्वतःची मोटर आहे, त्या मोटरांच्या मांडणीमुळे असं झालंय. हे वाकडेपण मॉडेलमध्ये आलं नाही तर बाकी कितीही नटवा, इंजिन ओळखीचं वाटत नाही. अमेरिकेतल्या जुन्या ॲल्को इंजिनांच्याही खाली हीच जात होती, त्यामुळे त्यांच्या मॉडेलांची चासी इथले अनेक जण वापरतात. थोडक्यात, परदेशी पाय आणि देशी धड.

दुधासारखा रंग

रंगापूर्वी आंघोळ. बॉडी कोमट पाण्यात, भांडी घासायच्या लिक्विडने, जुन्या टूथब्रशने घासून धुवायची. साच्यातून सुटावी म्हणून लावलेला तेलकट थर तिच्यावर असतो. तो राहिला तर रंग धरत नाही. वाळली की बोट लावायचं नाही, बोटांनाही तेल असतं. मग राखाडी प्रायमर. प्रायमर मारल्यावर सगळे ओरखडे आणि जोड एकदम दिसायला लागतात. अप्रेझल मीटिंगसारखं.

ब्रश की एअरब्रश? मोठ्या भागांना एअरब्रशच. कारण पुन्हा तेच ८७. रंगाचा थर ०.१ मिलिमीटर जाड बसला तर खऱ्या इंजिनावर तो जवळपास नऊ मिलिमीटर होतो. एवढा रंग कुणी पत्र्याला लावत नाही, गिलावा करतात. त्यात दारांच्या फटी, रिव्हेट, जाळ्या सगळं बुजतं. म्हणून ॲक्रिलिक रंग दुधाइतका पातळ करायचा, हवेचा दाब १५ ते २० पीएसआयच्या आसपास ठेवायचा आणि धुक्यासारखे हलके तीन-चार हात द्यायचे. पहिल्या हातानंतर काहीच झाकलं गेलं नाही असं वाटतं. वाटू दे. दुसरा हात द्यायच्या आधी वाळू दे.

माझ्या इंजिनाचे रंग दोन, वर क्रीम आणि खाली निळा. नियम साधा, फिका आधी, गडद नंतर. क्रीम पूर्ण वाळलं की मास्किंग टेप लावायची, टेपची कड नखाने दाबायची आणि त्या कडेवरून आधी पुन्हा क्रीमचाच हलका फवारा मारायचा. फटीतून काही झिरपायचंच असेल तर क्रीम झिरपतं आणि दिसत नाही. त्यावर निळा. टेप ओढायची ती उलटी दुमडून, सावकाश. रेघ सुरीसारखी निघते. हा क्षण मी बायकोला हाक मारून दाखवतो. ती 'छान' म्हणते आणि लॅपटॉपकडे वळते.

आता एक खास फंडा. खऱ्या इंजिनाचा नेमका निळा डबीत मिळाला तरी तो मॉडेलवर गडद दिसतो. कारण अंतर. मॉडेल आपण हातभर अंतरावरून, समजा ५० सेंटिमीटरवरून बघतो. ८७ ने गुणलं तर ते साडेत्रेचाळीस मीटर झाले, म्हणजे खरं इंजिन दोन डब्यांच्या अंतरावरून बघण्यासारखं. इतक्या अंतरावर मधली हवा रंग थोडा फिका करते. म्हणून प्रत्येक रंगात थोडा पांढरा किंवा राखाडी मिसळायचा, आणि अस्सल काळा तर कुठेच वापरायचा नाही. बोगीसुद्धा गडद राखाडीच.

चार अक्षरांची परीक्षा

नंबर आणि शेडचं नाव डिकलने येतात. डिकल म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायचा पातळ छाप, लहानपणी वहीवर उतरवायचो तसाच. परदेशी इंजिनांचे डिकल रेडिमेड मिळतात. आपल्या इंजिनावर नाव देवनागरीतही असतं, त्यामुळे ते बहुतेक वेळा स्वतःच डिझाइन करून छापावं लागतं. आणि इथे घरचा प्रिंटर दगा देतो, कारण त्यात पांढरी शाईच नसते. पांढरी अक्षरं हवी असतील तर पांढऱ्या डिकल पेपरवर भोवतीचा निळा छापायचा आणि तो बॉडीच्या निळ्याशी जुळवत बसायचं, नाहीतर पांढरा छापणारा कुणी शोधायचा.

खऱ्या इंजिनावर पंधरा सेंटिमीटर उंचीचं अक्षर मॉडेलवर पावणेदोन मिलिमीटरचं होतं. इंग्रजी अक्षरं त्यात कशीबशी तगतात. पण 'पुणे' लिहिताना खालचा उकार आणि वरची मात्रा दोन्ही त्यातच बसवायच्या. ती मात्रा म्हणजे पापणीच्या केसाचं टोक. डिकल लावण्याआधी बॉडीला ग्लॉस वार्निश हवंच. खरखरीत पृष्ठभागावर डिकलखाली हवा अडकते आणि चंदेरी झाक येते, सगळी जादू खल्लास. गुळगुळीत पृष्ठभाग, वर डिकल मऊ करणारं सोल्यूशन, चोवीस तास विश्रांती आणि मग मॅट वार्निश. आता इंजिन नवंकोरं दिसतं, कारखान्यातून निघालेल्या दिवसासारखं.

आणि नेमका तोच प्रॉब्लेम असतो. असं ते आयुष्यात एकच दिवस दिसलेलं असतं.

मळ बसतो

आमच्या कॉलनीत एक काका आहेत. घोरपडीच्या डिझेल शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. वर्ष-दीड वर्षापूर्वी लिफ्टमध्ये माझ्या हातात पितळी तारेची गुंडाळी बघून त्यांनी विचारलं, 'वायरिंगचं काम काढलंस का?' मी सांगितलं काय आहे ते. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली.

रंगवलेलं इंजिन मी त्यांच्यापुढे ठेवलं आणि विचारलं, 'काका, मळ कुठे कुठे लावू?'

'मळ लावायचा नसतो रे,' ते म्हणाले. 'तो बसतो. प्रत्येक डाग कुठनं आला ते तुला सांगता आलं पाहिजे.'

मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनी एकेक सांगायला सुरुवात केली. मी वही काढली.

धुराड्याभोवतीची काजळी गोल नसते, छपरावर लांब पसरलेली असते. आणि इंजिन दोन्ही दिशांना धावतं, त्यामुळे दोन्हीकडे. ॲल्को मुळात धुरासाठी प्रसिद्धच. ड्रायव्हरने नॉच पटकन वाढवला की डिझेल लगेच जास्त जातं, पण टर्बोचार्जरला वेग घ्यायला वेळ लागतो. हवा कमी, इंधन जास्त, म्हणून काळा लोट. टाकीच्या तोंडाखाली डिझेल सांडल्याचा ओला, चमकदार ओघळ. पाच हजार लिटर भरताना थोडं सांडणारच. बोगीवर तपकिरी धूळ, ती मातीची कमी आणि ब्रेक घासून उडालेल्या लोखंडाची जास्त. कॅबच्या दांड्याला मात्र मळ नाही, तिथे रोज हात लागतो, तिथला रंग उडून धातू चमकतो. पायरीच्या कडेलाही तसंच. लांब हुडच्या दारांपैकी जी रोज उघडतात त्यांच्या कडीभोवती तेलकट बोटं. बाकीच्या दारांवर नुसते पावसाचे उभे ओघळ.

'आणि डाव्या बाजूचं हे दार,' त्यांनी करंगळीने दाखवलं, 'हे दुसऱ्या इंजिनाचं होतं. आमचं गंजलं होतं. निळा होता, पण हा निळा नव्हता.'

'आमचं' म्हणताच माझ्या लक्षात आलं की ते डब्ल्यूडीएम-२बद्दल बोलत नव्हते. एका इंजिनाबद्दल बोलत होते. मी नंबर विचारला. पाचच्या पाच आकडे त्यांनी न थांबता सांगितले. मला माझ्या बहिणीचा मोबाइल नंबर पाठ नाही. तो नंबर मी इथे छापत नाही, तो त्यांचा आहे.

त्या इंजिनावर त्यांनी नोकरीतली सुरुवातीची वर्षं काढली होती. पुढे ते पुनर्बांधणीला गेलं, 'आर' लावून आलं. नंतर दुसऱ्या शेडला गेलं आणि अखेर भंगारात निघालं असं त्यांच्या कानावर आलं. फोटो आहे का, विचारलं. शेडमध्ये कोण कॅमेरा घेऊन जायचं तेव्हा? घरी एक ग्रुप फोटो होता, कुणाच्या तरी निरोप समारंभाचा. वीस-बावीस माणसं, गळ्यात हार, आणि मागे त्या इंजिनाचं एक बफर आणि अर्धा कॅटल गार्ड. रंग उडून सगळं गुलाबी झालेलं. एका माणसाच्या वीस वर्षांच्या ओळखीचा कागदावरचा पुरावा एवढाच.

मग मी प्लॅन बदलला. नंबर त्यांचा घेतला, वर्ष त्यांनी ठरवलं, 'आर' लागायच्या आधीचं. निळा जुळवायला प्लास्टिकच्या पट्टीवर छटा काढून नेल्या. पहिल्या दोन बघून ते नाही म्हणाले. तिसरी बघून म्हणाले, 'हा नवा असतानाचा. उन्हात राहिलेला दाखव.' पाचव्या छटेला ते म्हणाले, 'हा.' त्या निळ्याचा कुठे रेकॉर्ड नाही, कोड नाही. तो एका बहात्तर वर्षांच्या माणसाच्या डोळ्यांत होता आणि आता माझ्या एका डबीत आहे.

मळवायचं तंत्र अवघड नाही. पातळ केलेला गडद तपकिरी रंग फटींमध्ये सोडायचा आणि वरचा पुसून घ्यायचा. ओघळ कायम वरून खाली, कारण पाऊस वरून पडतो. जवळजवळ कोरड्या ब्रशने कडा घासल्या की झिजलेला धातू दिसतो. धूळ आणि काजळीसाठी पेस्टल खडू किसून त्याची पूड मऊ ब्रशने लावायची. मुलुखाप्रमाणे पूड बदलते. कोकणात धावणाऱ्या इंजिनाला जांभ्याची लाल झाक, दौंड-मनमाडकडच्या इंजिनाला करडी-काळपट. आणि हात आखडता ठेवायचा. मळ वाढवता येतो, कमी करणं जिवावर येतं. डाव्या बाजूच्या त्या दारासाठी निळ्यात हिरव्याचा एक थेंब टाकला.

तयार झाल्यावर काकांनी ते हातात घेतलं, उलटं केलं, बोगी बघितली, दार बघितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'टाकीच्या मागे तेलाचा एक ओघळ राहिलाय.'

तो घातला. आता इंजिन त्यांच्या शोकेसमध्ये आहे, नातवाच्या ट्रॉफीशेजारी.

घाई कशाची?

हे सगळं आत्ता सांगायचं कारण आहे. तारा आल्या आहेत. कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. मध्य रेल्वेचा शेवटचा ब्रॉडगेज तुकडा, लातूरकडचा औसा रोड ते लातूर रोड, फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेखाली आला. वाराणसीच्या कारखान्याच्या नावातून २०२० मध्ये 'डिझेल' हा शब्दच गेला. तो आता बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स आहे. त्याच कारखान्याने ॲल्को घराण्यातल्या दोन डिझेल इंजिनांचं मिळून दहा हजार हॉर्सपॉवरचं एक विजेचं जोडइंजिन बनवलं आणि २०१९ मध्ये ते रुळावर आणलं.

यात रडण्यासारखं काही नाही. धूर कमी झाला, खर्च कमी झाला, बोगद्यात खिडक्या लावायची घाई संपली. मीही विजेच्याच गाडीने जातो. आणि इंजिनं जपलीही गेली आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात डब्ल्यूडीएम-२ उभं आहे. पण संग्रहालय इंजिन जपतं ते धुऊन, रंगवून. साहजिक आहे. त्यात इंजिन राहतं आणि त्याच्यावर काम केलेल्या माणसांच्या खुणा पुसल्या जातात. कडीभोवतीची बोटं, झिजलेली पायरी, दुसऱ्याचं दार. या गोष्टी ड्रॉइंगमध्ये नसतात, रजिस्टरमध्ये नसतात. त्या ज्यांना माहीत आहेत ती माणसं आत्ता सत्तरीत, ऐंशीत आहेत आणि तुमच्या-माझ्या लिफ्टमध्ये रोज भेटतात. आपण कानाला हेडफोन लावून मान हलवतो.

त्यामुळे माझ्यापुरता मी एक नियम केलाय. रंगाची डबी उघडायच्या आधी एक माणूस शोधायचा. ड्रायव्हर, फिटर, गार्ड, शेडच्या कँटीनमधला कुणी, कुणीही चालेल. सध्या मी मालगाडीचं एक इंजिन घेतलंय आणि मिरजेकडच्या एका निवृत्त गार्डकाकांशी रविवारी फोनवर बोलतोय. तीन रविवार झाले, अजून प्रायमरही मारलेला नाही.

सुरुवात करायचीय?

पुण्यात असाल तर आधी कोथरूडला बी. एस. जोशी यांनी उभं केलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय बघून या. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं झालं. छोट्या गाड्या काय करू शकतात याचा अंदाज तिथे येतो.

पहिल्या प्रयोगासाठी महागडं मॉडेल नको. एखादा जुना मालडबा घ्या आणि तोच रंगवा, मळवा. एअरब्रश नंतर, आधी हातड्रिल, धारदार ब्लेड, चिमटा, पितळेची तार आणि दोन चांगले ब्रश पुरतात. वाळत घातलेल्या मॉडेलवर चपलांचा रिकामा खोका पालथा घाला, नाहीतर घरातली सगळी धूळ फुकटात डिटेलिंग करून जाते. फवारा मारताना खिडकी उघडी आणि तोंडाला साधा कापडी नको, व्हेपर फिल्टरचा मास्क.

आणि हो, जुलैत लॅकर किंवा ग्लॉस वार्निश मारू नका. हवेतल्या दमटपणाने त्यावर पांढुरकी साय धरते. पावसाळ्यात फोटो जमवा, भोकं पाडा, काकांकडे चहाला जा. रंगाचं ऑक्टोबरात बघू.